'सेन्सर गेला' म्हणण्याआधी उन्हात दोन फोटो काढा

महोदय,

वर्षानुवर्षं कपाटात पडून असलेले जुने डिजिटल कॅमेरे सध्या पुन्हा बाहेर निघत आहेत. आई-वडिलांनी हौसेनं घेतलेला कॅमेरा आता मुलं कॉलेजच्या सहलीला नेतात, याचा माझ्यासारख्या कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याला फार आनंद आहे. पण त्यातले कितीतरी चांगले कॅमेरे एकाच तक्रारीपायी भंगारात जातात, ते बघवत नाही म्हणून हे पत्र. तक्रार अशी, की फोटो 'ओव्हर' येतात, पांढरेफटक. दुकानात दाखवलं की उत्तर तयारच असतं: सेन्सर (उजेड टिपून फोटो बनवणारी आतली चिप) गेलाय, दुरुस्ती परवडायची नाही, एक्सचेंजमध्ये नवा घ्या.

असंच उत्तर ऐकून एक विद्यार्थिनी वडिलांचा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घेऊन माझ्याकडे आली होती. घरातले फोटो ठीक, उन्हातले सगळे पांढरे. एवढं ऐकलं तरी संशय आधी लेन्सवर जायला हवा. घरात उजेड कमी, त्यामुळे लेन्सच्या आतली अपर्चरची, म्हणजे उजेड आत येण्याच्या भोकाची, पाती पूर्ण उघडीच राहतात, त्यांना हलायचं काम पडत नाही. उन्हात मात्र बटण दाबल्याक्षणी ती मिटावी लागतात. तिची लेन्स काढून मागचा छोटा दांडा मी बोटानं सरकवला, पाती उघडली. सोडल्यावर झटकन मिटायला हवीत, ती हळूहळू सरकत आली. पात्यांवर तेलाचा पातळ थर चमकत होता. अपर्चरचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. कॅमेरा समजतो अपर्चर ११ आहे, प्रत्यक्षात फोटो निघतो ३.५ वर, म्हणजे जवळजवळ दहापट उजेड आत येतो. पाती साफ केली, काम झालं. सेन्सरला काहीही झालेलं नव्हतं.

ही तपासणी कुणालाही घरी करता येते. स्वच्छ ऊन असताना कॅमेरा मॅन्युअलवर (सगळे आकडे आपणच ठरवायचे) घ्या, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, १०० ठेवा. उन्हातल्या भिंतीचा किंवा झाडाचा एक फोटो अपर्चर १६, शटर (उजेड आत सोडणारा पडदा) १/१२५ सेकंदावर ठेवून काढा. दुसरा अपर्चर ४, शटर १/२००० वर. हिशेबानं दोन्हींत उजेड सारखाच पडतो, त्यामुळे फोटोही सारखेच यायला हवेत. पहिला पांढरा आणि दुसरा बरोबर, तर पाती अडकताहेत. पहिला बरोबर आणि दुसरा पांढरा, तर शटर मंदावलंय. दोन्ही बरोबर आले, तर कॅमेरा धडधाकट आहे, गडबड सेटिंगमध्ये आहे. खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यात इतकी सोय नसते. पण त्यातही घरात ठीक आणि उन्हात पांढरा, वर रेघा, असं दिसलं तर बहुतेक वेळा शटर अडकलेलं असतं.

सेटिंगमध्ये पहिल्यांदा फोटो उजळ किंवा गडद करणारं अधिक-उणेचं बटण बघा. कुणीतरी ते अधिक दोनवर नेऊन ठेवलेलं असतं आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत ते कॅमेरा बंद केला तरी तसंच राहतं. मग आयएसओ. लग्नाच्या हॉलमध्ये १६०० केलेला आयएसओ तसाच ठेवून अपर्चर ३.५ वर उन्हात गेलात, तर १/४००० चं शटरही पुरत नाही.

आणि काही वेळा दोष कशातच नसतो. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही, वर्तुळाकार उघडं आकाश दिसतं. खाली सगळा काळा दगड. समोर जे येईल ते मध्यम करड्या रंगाचं समजून कॅमेऱ्याचा मीटर उजेड मोजतो. चौकटीत काळे खांब भरले की तो उजेड वाढवतो आणि वरचं आकाश फटफटीत पांढरं पडतं. तिथं उणे एक किंवा दीड करायचं, एवढंच. डिजिटलमध्ये पूर्ण पांढऱ्या झालेल्या जागेतला तपशील नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाही. अंधारातला थोडाफार काढता येतो. फिल्मच्या निगेटिव्हचा कल उलटा होता, म्हणून जुन्या सवयीनं 'थोडा उजेड जास्तच असू दे' म्हणणाऱ्यांचे फोटो इथं हमखास जातात. कॅमेऱ्यात पांढरे भाग लुकलुकवून दाखवणारी सूचना असते, ती चालू ठेवा. उन्हात मागच्या स्क्रीनवर भरवसा ठेवू नका.

दुकानदार बंधूंना कळकळीची विनंती आहे. 'सेन्सर गेला' म्हणण्याआधी गिऱ्हाइकासमोर हे दोन फोटो काढा आणि दोष नेमका कशात आहे ते पावतीवर लिहून द्या. गिऱ्हाइकांनीही ते मागून घ्यावं. पाती अडकलेली निघाली, तर घरी लेन्समध्ये स्पिरिट किंवा तेल मात्र सोडू नका. ते काचांवर पसरतं आणि मग आम्हालाही फार काही करता येत नाही.

आपला,
एक कॅमेरा दुरुस्ती कारागीर, कोल्हापूर