जातं कुणाला देऊ नका

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर घर आवरायचा विषय निघाला आणि मी बाबांवर आवाज चढवला. 'त्या डब्यांतली अडगळ एकदाची काढून टाका,' असं मीच म्हणाले. फोन ठेवल्यापासून मन खात होतं. रविवारी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन आले आणि ते बोलणं जास्तच बोचायला लागलं, म्हणून हे पत्र.

तेर म्हटल्यावर आई, तुझे हात आपोआप जोडले जातील. मीही आधी गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घेतलं. मग त्रिविक्रमाच्या विटांच्या देवळात गेले. मुळातलं ते चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनास्थळ, मागची बाजू अर्धगोल. तिथून रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात.

बाबा, हे लामतुरे तुमच्यासारखेच, जुनं जपणारे. गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सापडणारे मणी, नाणी, खापरं, मूर्ती, सगळं त्यांनी गोळा केलं आणि जिवापाड जपलं. आज तेरच्या सातवाहन काळाबद्दल आपल्याला जे कळतं, त्यातलं कितीतरी या एका माणसाच्या हौसेमुळे.

एका पांढुरक्या मातीच्या स्त्रीमूर्तीपाशी मी खूप वेळ थांबले. वीतभरसुद्धा नाही. कानांत जड कुंडलं, केसांची रचना अशी की घालायला सकाळ गेली असेल. वाकून बाजूने बघितलं तर कानामागून खांद्यापर्यंत एक बारीक रेघ दिसली. दोन साच्यांत पुढची आणि पाठची बाजू वेगवेगळी काढून जोडायचे, तो सांधा. माव्याच्या मोदकांवर साच्याची रेघ उठते ना, अगदी तशी. तू बोटाला तूप लावून ती पुसून घेतेस. त्या कारागिरानेही गालावरची पुसली होती, कानामागची तेवढी राहून गेली. आई, दोन हजार वर्षं झाली गं त्याला! माझे डोळेच भरून आले.

तिथली हस्तिदंताची बाईही प्रसिद्ध आहे. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ साली इटलीत, पाँपेईच्या उत्खननात निघाली. ते शहर ज्वालामुखीने इ.स. ७९ मध्ये गाडलं, म्हणजे त्याआधीच आपल्याकडची वस्तू समुद्रापार कुणाच्या तरी घरात पोचलेली होती. तेरचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठं शहर आहे, आणि इथलं जाडंभरडं कापड, मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जाते, तीही रस्ते नसलेल्या मुलखातून.

पण बाबा, माझ्या मनात रुतून बसलं ते वेगळंच. पाँपेईच्या त्या मूर्तीचा संबंध आपल्या दख्खनशी जोडता येतो, कारण तेर आणि जालन्याकडच्या भोकरदनला तशा मूर्ती मिळाल्या हे ठाऊक आहे. वस्तू कुठे मिळाली हेच माहीत नसेल, तर उरते नुसती एक देखणी बाहुली.

तुमच्या पत्र्याच्या डब्यात भोकाचा पैसा आहे, आजोबांचा अडकित्ता आहे, झाकण नसलेली पितळी दौत आहे. यातल्या एकाचीही हकिकत मला धड सांगता येणार नाही. आजीचं जातं कुठून आणलं, त्याचे दगड गुळगुळीत झाले की छिन्नीने टाकी लावायला कोण यायचं, हेही मी कधी विचारलं नाही. आणि त्यालाच मी अडगळ म्हणाले. बाबा, माझं चुकलं.

आता एक कराल का? दुपारच्या चहानंतर रोज एक वस्तू काढा. बाबांनी सांगायचं आणि आईने चिठ्ठीवर लिहायचं: कुणाची, कुठून आली, काय करायचे तिचं. बाबांचा हात हल्ली थरथरतो, आणि तुझं अक्षर आजही वळणदार आहे. आठवत नसेल तिथे जागा कोरी सोडा, आत्याला विचारू. चिठ्ठी दोऱ्याने बांधा, डिंक नको.

दसऱ्याला मी चार दिवस येतेय. गाडी करून तुम्हा दोघांना तेरला नेईन, गुडघ्यांना झेपेल एवढंच फिरू. तोवर जातं कुणालाही देऊ नका. आणि बाबा, ते कोपऱ्यात सरकवायच्या नादात वरचा दगड एकट्याने उचलू नका. मी आले की दोघं मिळून उचलू.

तुमची,
मनू