विषय कळला, पण म्हणणे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हिवाळी परीक्षा जवळ आल्या की महाविद्यालयांत असाइनमेंटचे गठ्ठे साचू लागतात. त्यांतल्या शुद्धलेखनावर बरेच बोलले जाते, आणि ते बोलायलाच हवे. पण ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी असूनही पुष्कळ निबंधांचे गुण अडकतात ते दुसऱ्या कारणाने. चार पाने वाचून झाली तरी लिहिणाऱ्याचे म्हणणे काय, हे कळत नाही. ज्याला थिसिस स्टेटमेंट म्हणतात ते, म्हणजे निबंधाचे मुख्य विधान, त्यात नसतेच.

याला मुलांचा आळस जबाबदार नाही. शाळेत वर्षानुवर्षे 'मी नदी बोलतेय' आणि 'सूर्य उगवला नाही तर' लिहून घेतले जाते. त्यात वर्णन लागते, कल्पना लागते, बाजू घ्यावी लागत नाही. वैचारिक म्हणून येतो तो 'विज्ञान : शाप की वरदान', आणि त्याचा शेवटही ठरलेला : थोडा शाप, थोडे वरदान, वापर आपल्या हाती. हाच साचा मग बी.ए.च्या पेपरात उतरतो.

आपल्याकडचा नेहमीचा विषय घेऊ : नागपूर करार, म्हणजे विदर्भाला मराठी राज्यात सामील करून घेताना दिलेली आश्वासने. सुरुवात बहुधा अशी होते : 'नागपूर करार हा विदर्भाच्या इतिहासातील एक अत्यंत महत्त्वाचा टप्पा आहे.' याला 'नाही' म्हणणारा माणूस सीताबर्डीपासून दादरपर्यंत शोधून सापडायचा नाही. आणि ज्याला कुणी नाही म्हणत नाही, ते पटवून देण्याची गरजच उरत नाही. म्हणून पुढची पाने गाइडातल्या माहितीने भरतात. जरा धीट विद्यार्थी लिहितो, 'नागपूर करार पाळला गेला नाही.' इथे वाद आहे, पण दावा सरसकट आहे. नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन भरते, उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, एवढे कुणी म्हटले की तो बसलाच.

अशा वेळी विषयाचा आधी प्रश्न करावा. २८ सप्टेंबर १९५३ च्या करारातली कोणती आश्वासने टिकली, कोणती वादात अडकली, आणि का? मग त्याचे उत्तर एकाच वाक्यात, 'कारण' हा शब्द घालून लिहावे : 'नागपूर करारातील अधिवेशन व खंडपीठाची आश्वासने अपवाद वगळता टिकली, कारण ती मोडली तर लगेच दिसते, निधी व नोकऱ्यांतील वाट्याचे आश्वासन वादात अडकले, कारण त्याचा हिशेब कोणी ठेवायचा हे ठरले नाही.' हे मान्य नसणारे लोक आहेत. ते म्हणतील, हिशेबाचे निमित्त कशाला, इच्छाशक्तीच नव्हती. असा विरोधक डोळ्यांपुढे उभा राहिला की विधान जमले असे समजावे. शिवाय निबंधाचा सांगाडाही त्यातूनच निघतो : एक परिच्छेद करारात काय होते यावर, एक टिकलेल्या आश्वासनांवर, दोन अडकलेल्यांवर, एक त्या विरोधकाला उत्तर देणारा. दांडेकर समितीचा अनुशेषावरचा, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांच्या थकलेल्या वाट्यावरचा अहवाल १९८४ चा, म्हणजे करारानंतर एकतीस वर्षांनी आलेला. एरवी हे साल नुसतेच पाठ केलेले राहिले असते. इथे ते 'कारण'ला टेकू देते : हिशेब इतक्या उशिरा झाला.

त्या वाक्यातले 'अपवाद वगळता' हे दोन शब्द भरतीचे नाहीत. २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने नागपूरऐवजी मुंबईत झाली. ते शब्द गाळले तर तपासणारा नेमके तिथेच लाल पेन टेकवतो.

मराठीत लिहिताना आणखी एक गोची होते, जी इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत सापडत नाही. 'जरी-तरी'च्या वाक्यात भार 'तरी'नंतरच्या भागावर पडतो. विद्यार्थी आपले म्हणणे 'जरी'त घालतात आणि 'तरी'त सौम्य काहीतरी लिहितात : 'जरी निधीचा वाटा मिळाला नाही, तरी कराराचे महत्त्व कमी होत नाही.' लिहिणाऱ्याचा मुद्दा निधीचा, पण वाचणाऱ्याच्या हाती उरते ते महत्त्व. दोन्ही भागांची अदलाबदल केली की काम होते. 'मानले जाते', 'म्हटले जाते' ही क्रियापदेही विधानात नकोत. कोण मानते? आणि 'अनन्यसाधारण', 'बहुआयामी' यांना तर रजाच द्यावी.

दुसरा नेहमीचा दोष यादीचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या नागपुरातल्या पुरावर लिहायला सांगा : 'पाऊस, नदी, अतिक्रमणे, प्रशासन आणि नागरिक सारेच जबाबदार आहेत.' पाच जण जबाबदार म्हणजे जबाबदार कोणीच नाही. त्यांतले पहिले कारण कोणते, हे ठरवावे लागते, आणि ठरवायचे तर अंबाझरी तलावाचा सांडवा, नाग नदीचे पात्र आणि त्या रात्रीच्या पावसाचे आकडे समोर घेऊन बसावे लागते. ते टाळायलाच 'सारेच' हा शब्द कामी येतो.

लांबीचे म्हणाल तर हजार शब्दांच्या निबंधाला पंचवीस ते पस्तीस शब्दांचे विधान पुरते, आणि ते पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी यावे. 'या निबंधात मी अमुक विषयाची चर्चा करणार आहे' ही घोषणा झाली. तिला विधान म्हणत नाहीत. प्रश्नातले शब्दही पाहावेत : 'कितपत' विचारले असेल तर विधानात प्रमाण हवे, 'तुलना करा' असेल तर कोण कशात सरस, ते हवे.

पहिल्या फटक्यात लिहिलेले विधान कच्चेच असते. कच्चा खर्डा पुरा झाला की शेवटचा परिच्छेद वाचावा. पुष्कळदा खरे म्हणणे तिथे, लिहिता लिहिता सापडलेले असते. ते उचलून वर आणावे, आणि मग प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य वाचत जावे. ज्याचा विधानाशी धागा लागत नाही तो परिच्छेद, कितीही छान असला तरी, काढावा. इथे हात कचरतो, कारण पाने कमी होतात.

प्राध्यापक मंडळींना एकच सुचवायचे आहे. असाइनमेंट जमा करण्याच्या आठ दिवस आधी विद्यार्थ्यांकडून फक्त हे एक वाक्य मागून घ्यावे. साठांच्या वर्गाची साठ वाक्ये वाचायला एक तास लागतो. शेरे दोनच पुरतात : 'याला कोण नाही म्हणेल?' आणि 'कारण काय?'

आपले,
मराठी व राज्यशास्त्राचे काही प्राध्यापक, नागपूर