मालिशवाली नाही गं, काकूंना सांग

प्रिय वैशे,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी घणसोली ते ठाणे उभ्याने ऐकला, आणि शेवटी काकू मागून ओरडतायत ना, "विचार तिला, मालिशवाली झाली का", तिथे मी एकटीच फिस्सकन हसले, शेजारची बाई थोडी सरकली. एवढं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करायचा कंटाळा, म्हणून आज आईला मेथी निवडायला बसवून हे लिहितेय.

तर काकूंना सांग, मालिश नाही. फिजिओथेरपी असिस्टंट. म्हणजे आमच्या फिजिओ मॅडम पेशंट तपासतात, व्यायाम कुठले, किती, कधी वाढवायचे हे सगळं त्या ठरवतात, मी ते पेशंटकडून करून घ्यायचं आणि काय दिसलं ते त्यांना येऊन सांगायचं. माझ्या मनाने एक व्यायामसुद्धा बदलायचा नाही. मॅडमचं बीपीटी, म्हणजे फिजिओची डिग्री, साडेचार वर्षांचं, सहा महिन्यांची इंटर्नशिप धरून, माझा कोर्स एका वर्षाचा, त्यामुळे ते बरोबरच आहे. पण जिथे अ‍ॅडमिशन घेतलं तिथला माणूस छातीठोकपणे म्हणाला होता "कोर्स झाला की स्वतःचं सेंटर टाका ताई", आणि मी येडी, ऐरोलीच्या नोकरीचा पीएफ काढून फी भरून मोकळी. प्रॅक्टिकलच्या पहिल्या आठवड्यात मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, टाक की, पहिली तक्रार मीच करेन. हसत म्हणाल्या, पण करतील. मग न्यू जर्सीच्या वहिनीला फोन केला, ती तिकडे हेच शिकतेय, पीटीए म्हणतात, कॉलेजचा दोन वर्षांचा कोर्स, मग परीक्षा, मग ज्या त्या राज्याचं लायसन्स, पहिली बॅच १९६९ ला बाहेर पडली म्हणे. आणि एवढं सगळं करूनही पेशंट तपासून ट्रीटमेंट ठरवायची ती फिजिओनेच. हे ऐकून माझा निम्मा राग गेला. निम्मा अजून आहे, फी परत कोण देणार.

पण तुला सांगायचंय ते वेगळंच. मला वाटलं होतं हे काम म्हणजे लोकांना मदत करणं. धरा, उठवा, चालवा. आपल्या घरात कोण आजारी पडलं की आपण तेच करतो ना. तर इथे मदत न करणं शिकवतात! खरंच.

विटाव्याचे एक काका येतात, रिक्षाने, बरोबर मावशी असतात. पॅरालिसिसचा अटॅक, उजवी बाजू गेलेली, बोलणंही गेलंय. डाव्या मेंदूत झालं की असं बऱ्याचदा होतं, उजवा हात-पाय आणि बोलणं दोन्ही. माझा चौथा दिवस असेल, काका खुर्चीतून उठायला धडपडत होते आणि मी प्रेमाने जाऊन त्यांचा उजवा हात धरला आणि वर ओढला. मॅडम पडद्याच्या पलीकडून अशा ओरडल्या की मशीनवरच्या आजी उठून बसल्या. काकांचा चेहरा वेडावाकडा झाला होता, ओरडता पण येईना त्यांना. मग मॅडमनी सगळे गेल्यावर समजावलं: अटॅकनंतर खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा धरून ठेवायला कोणी नसतं, तो हात नुसता लोंबकळत असतो, त्याला ओढलं की खांदा जागेवरून सरकतो आणि मग ते दुखणं महिनोन्‌महिने पुरतं. घरचे लोक हेच करतात, हाताला धरून उठवतात. त्या रात्री जेवले नाही मी.

दुसऱ्या दिवशी उठवायचं कसं ते शिकवलं. तू पण करून बघ, आत्ता, खुर्चीत बसलीयेस ना? पाठ टेकून, सरळ बसून, पुढे न वाकता उठून दाखव. नाही उठता येणार. आता बूड खुर्चीच्या कडेला आण, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घे, आणि नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकी वाक. उठलीस? बस, एवढंच. माणूस हाताने उठतच नाही, वाकून उठतो. तर मी काकांच्या उजव्या बाजूला, कमरेच्या पट्ट्याला हात, माझा गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवून, आणि तोंडाने फक्त "वाका, अजून वाका". बाकी ते. दोन मिनिटं लागतात कधी कधी, आणि त्या दोन मिनिटांत आपले हात असे शिवशिवतात की काय सांगू, एक झटका दिला की उठतील, पण तो द्यायचा नाही. नुसतं उभं राहायचं. ऐरोलीला आठ तास कॉल घेऊन एवढा घाम नव्हता फुटत.

आणि ऐक ना. हे उठ-बस दहा वेळा असतं. मी मोजते, एक, दोन. तर तिसऱ्या आठवड्यात मी मोजतेय आणि चारला काका पण बोलले, चार. मग पाच, सहा, दहापर्यंत, अगदी स्वच्छ. ज्या माणसाला पाणी म्हणता येत नाही! मॅडम म्हणाल्या, पाठ असलेलं कधी कधी शाबूत राहतं, आकडे, देवाचं, शिव्या सुद्धा. मावशी उठून पडद्याबाहेर गेल्या आणि बराच वेळ पर्समध्ये काहीतरी शोधत बसल्या. मला वाटलं आता सगळं बोलतील, मी लगेच विचारलं, काका, मावशींचं नाव काय? काही नाही. नुसते बघत राहिले माझ्याकडे. तेवढं मी विचारायला नको होतं.

बाकी मशीनचं काय सांगू, सगळ्यांना मशीनच हवं. "ताई आज शेक नाही का? करंट नाही का?" हॉट पॅक टॉवेलच्या घड्यांत गुंडाळून वीस मिनिटं ठेवायचा, मध्ये मध्ये कातडी बघायची, शुगरवाल्यांना आधी गरम-गार कळतंय का ते तपासायचं कारण त्यांना भाजलं तरी पत्ता लागत नाही. अल्ट्रासाऊंडचा (सोनोग्राफीचं नव्हे गं, उपचाराचं मशीन) गोळा एका जागी थांबवायचा नाही, फिरवत राहायचा, माझं मनगट गेलंय. पेशंटला ते सगळं आवडतं कारण झोपून होतं. व्यायाम म्हटलं की लगेच नातवाची शाळा सुटायची वेळ होते.

आणि मला एक रोग लागलाय, ठाणे स्टेशनच्या पुलावर मी लोकांची चाल बघत राहते. परवा एक आजोबा, डावा पाय दुखरा आणि काठी पण डाव्या हातात. निम्मे लोक असेच धरतात. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची असते, म्हणजे भार वाटला जातो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मी जाऊन सांगणार होते पण नऊ नंबरवर पनवेल लागलेली, आणि तसंही कोण ऐकतं रस्त्यातल्या बाईचं.

आता काकूंच्या गुडघ्याकडे येते. ऑपरेशन होऊन सतरा दिवस झाले म्हणालीस, आणि फोटोत त्या मस्त पाय पसरून बसल्यात, गुडघ्याखाली जाडजूड उशी. वैशे, ती उशी काढ! छान वाटतं, दुखत नाही, मला माहितीय, पण त्यामुळे गुडघा वाकलेल्या स्थितीतच बसतो आणि मग पूर्ण सरळ होत नाही, आणि सरळ झाला नाही तर चाल लंगडीच राहते. ठेवायचंच तर टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली मोकळा सुटला पाहिजे. कुरकुरतील. कुरकुरू दे. घरी फिजिओ येतात ना त्यांना विचार हे, आणि गुडघा किती डिग्री वाकतोय ते पण विचार, नव्वदच्या आसपास यायला हवा. व्यायाम मी सांगणार नाही, ते त्यांचं काम. आणि तू काकूंना बाथरूमला नेताना बगलेत हात घालून उचलतेस ते बंद कर, वॉकर आहे कशाला.

पुढच्या शनिवारी डोंबिवलीला येतेय, दुपारची. तोपर्यंत उशी माळ्यावर टाक, आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस, म्हणतील मालिशवाली आता मला शिकवणार.

तुझी,
पमी

ता. क. पुढचा व्हॉइस मेसेज तीन मिनिटांच्या आत. आणि त्यात काकूंचा आवाज असला पाहिजे.