सड्यावरची गुरं गेली आणि वणवे वाढले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिमग्याच्या आसपास सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या मोकळ्या माळावर, वणवा लागतो, काजू-आंब्याची कलमं होरपळतात आणि मग विडी कोणी टाकली, मुद्दाम कोणी लावला एवढीच चर्चा होते. पण पेटायला इतकं गवत तिथं उभं राहतंच कसं, हे कोणी विचारत नाही! पूर्वी भात कापून होईपर्यंत गुरं शेतात घुसू नयेत म्हणून राखण्या ती रोज सड्यावर न्यायचा, गवत हिरवं असतानाच निम्मं संपायचं आणि उरलेलं लोक कापून उडवी रचायचे. आता नांगराच्या जागी पॉवर टिलर, पोरं मुंबईला, राखणीला माणूस नाही, आणि जी थोडी गुरं उरली ती पावसात हायवेवर बसलेली. म्हणजे सडा मोकळा आणि वाडीच्या कडेची जमीन मात्र खुरांनी तुडवलेली.

दक्षिण युरोपात हे आधीच घडून गेलंय. स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण फ्रान्समध्ये 1950-60 नंतर गावं ओस पडली, मेंढपाळ गेले, कुरणांवर झुडपं माजली. 2017 ला पोर्तुगालमध्ये पेद्रोगाओ ग्रांदेच्या वणव्यात 60 हून जास्त माणसं गेली, तिथे निलगिरीची लागवड, उष्णता ही कारणं होतीच पण न चरलेलं रान हेही होतं. उलट ग्रीसच्या क्रीट बेटावर दर जनावरामागे सबसिडी मिळाल्यावर मेंढ्या-शेळ्या वाढल्या, विकतच्या खाद्यावर त्या एकाच डोंगरावर राहिल्या आणि डोंगर बोडका झाला. म्हणून गुरं किती यापेक्षा ती कुठे आणि कधी चरतात हे जास्त महत्त्वाचं, आणि आपल्याकडच्या योजनांत नेमकं तेच कुठे दिसत नाही, गाय घ्यायला अनुदान आहे पण तिला चारायला नेणाऱ्या माणसाचं काय?

स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात जाळरेषेवरचं, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून राखलेल्या पट्ट्यावरचं, गवत चारून कमी ठेवणाऱ्या मेंढपाळांना सरकार पैसे देतं. आपल्याकडे जाळरेषा जाळून काढायच्या, आणि तीच आग कधी हाताबाहेर जाते. त्यापेक्षा वन विभाग आणि ग्रामपंचायतीने मिळून बागांभोवतीचे पट्टे ठरवावेत आणि वाडीतल्या राखण्याला किंवा धनगर बांधवांना त्याची रीतसर मजुरी द्यावी. कातळावरची रानफुलं आणि कातळशिल्पं असलेले भाग वगळूनच, हे आलंच.

मात्र चराई सप्टेंबर-ऑक्टोबरातच व्हायला हवी, जानेवारीत वाळून काडी झालेल्या गवताला गुरं तोंड लावत नाहीत. तेव्हा जे ठरवायचं ते गणपतीच्या आधी ठरावं ही कळकळीची विनंती.

एक आंबा बागायतदार,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी