निरोधलाही माप असतं : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे. २२ वर्षं काउंटरवर उभा आहे. निरोध घ्यायला आलेला माणूस दुकान रिकामं व्हायची वाट बघतो, आधी डोकेदुखीची गोळी मागतो, मग कपाटाकडे हळूच बोट दाखवतो. चपलेचा, बनियनचा नंबर सगळ्यांना पाठ. निरोध कुठल्या मापाचा, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

मागच्या महिन्यात एक जण शटर वर जाताच हजर. बायकोला दिवस राहू नयेत म्हणून ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी हवी होती. "सैल होतो हो, मध्येच सुटला," रस्त्याकडे बघत म्हणाला. दुसऱ्याची तक्रार उलटी : इतकं आवळतं की ताठरपणाच जातो, म्हणून काढून टाकतो. तिसरा कोरडं लागतं म्हणून घरचं खोबरेल लावत होता. तेलाने निरोधचं रबर (लॅटेक्स) कमकुवत होऊन फाटतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. घरी मात्र तिघांचं उत्तर एकच, 'मजा येत नाही'.

पाकिटावर ५२ मिमी, ५३ मिमी असं मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. ती चपट्या रबराची रुंदी, घेर तिच्या दुप्पट. मलाही हे उशिराच कळलं. बाजारात कमी-जास्त मापं मिळतात, पण महाग आणि शहरात. सरकारी मोफत पाकीट माझ्या पाहण्यात एकाच मापाचं. २००६ साली आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मोजणीची बातमी आली होती : १,२०० हून जास्त पुरुष मोजले, आणि प्रचलित माप बऱ्याच जणांना मोठं होतं असं निघालं. लोकांनी विनोद करून घेतले, विषय तिथेच विरला.

सरकारी निरोध १९६८ पासून आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निरोध वापरणारी विवाहित जोडपी साडेनऊ टक्के. बाईच्या ऑपरेशनवर भागवणारी जवळजवळ ३८ टक्के, पुरुष नसबंदी ०.३. सगळा दोष मापाचा नाही, कबूल. पण जेवढा आहे तेवढा तर निस्तरता येईल?

मोफत पुरवठ्यात तीन मापं ठेवा. माप मोठ्या अक्षरांत, मराठीत छापा. सोबत पाण्यात विरघळणाऱ्या जेलची पुडी द्या. आशाताई रुपयाला तीन निरोध घरपोच देतात, तेवढं पुष्कळ झालं. पुरुषांशी मापाचं बोलणं आरोग्यसेवकांवर सोपवा. आणि आमच्या आरोग्य केंद्राबाहेरची निरोधची पेटी आधी सावलीत हलवायला सांगा. पश्चिमेच्या भिंतीवर आहे, मे महिन्यात तिच्या पत्र्याला हात लावता येत नाही.

आपला,
एक औषध दुकानदार