वॅग्नरपलीकडची ५४वी मॅसॅच्युसेट्स

संपादक महोदय,

अमेरिकी यादवी युद्धातल्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स या कृष्णवर्णीय शिपायांच्या स्वयंसेवी पलटणीवरचे लेखन फोर्ट वॅग्नर या दक्षिणेच्या (बंडखोर राज्यांच्या) किनारी किल्ल्यावरील हल्ल्यापाशी (१८ जुलै १८६३) थांबते. समुद्र आणि दलदल यांमधल्या चिंचोळ्या वाळूत रांगा दाटल्या, पलटणीचे प्रमुख कर्नल शॉ किल्ल्याच्या तटावर धारातीर्थी पडले, हे खरेच. पण मला तिची पगाराची लढाई अधिक चिवट वाटते. सरकारने कबूल केले महिना १३ डॉलर, गोऱ्या शिपायांइतकेच. देऊ केले १०, त्यातही कपड्यांचे ३ वजा! मॅसॅच्युसेट्स राज्याने फरक भरून देऊ केला, तोही बरोबरीच्या हक्कासाठी नाकारून पलटण वर्षाहून अधिक काळ बिनपगारी लढली. जून १८६४ च्या कायद्याने पूर्ण थकबाकी दिली, ती १९ एप्रिल १८६१ रोजी स्वतंत्र असलेल्यांनाच. तसे शिपायाने शपथेवर सांगायचे होते. तेव्हा शॉ यांच्यानंतरचे प्रमुख कर्नल हॅलोवेल यांनी शपथच अशी बेतली की, त्या दिवशी आपल्या श्रमांवर कोणाचाही न्याय्य हक्क नव्हता, असे पूर्वीचा गुलामही बेलाशक सांगू शके.

– एक वाचक, पुणे