दिनूस पत्र : कौतुक परत घे

ता. वरुड, जि. अमरावती

प्रिय दिनू,

पुण्याहून तुझं पत्र मिळालं. तू एसी घेणार नाहीस, मोबाइल फुटेस्तोवर वापरणार आहेस आणि गावाकडची माणसं कमी गरजांत कशी सुखानं राहतात याचं तुला मोठं कौतुक आहे, हे सारं वाचलं. घरात वाचून दाखवलं तर ही म्हणते, "भाऊजींना म्हणा, मे महिन्यात या अन् कूलर बंद ठेवून दाखवा."

तेव्हा ते कौतुक परत घे गड्या. आमच्या गरजा कमी नव्हत्या, पैसा कमी होता. संत्र्याच्या आंबिया बहाराला भाव सापडला की घरात फ्रिज येतो, मग मोटरसायकल, मग पोराच्या इंजिनिअरिंगची फी. जिनं जन्मभर चुलीचा धूर खाल्ला तिला सिलिंडर पाहिजे, यात कसली आली हाव? आपल्या देशात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत चौदाच्या आसपास. त्यामुळं 'सगळ्यांनी कमी वापरा' हा उपदेश मला तिथल्यांकडून ऐकवत नाही, अन् राग मानू नको, पुण्याकडूनही नाही.

पण माझं खरं भांडण तुझ्या दुसऱ्या मुद्द्याशी आहे. तू लिहितोस, तंत्र सुधारत जाईल, तेवढ्याच पाण्यात अन् विजेत जास्त पीक निघेल, वाढही होईल आणि निसर्गही राहील. लेका, हा प्रयोग आमच्या वावरात होऊन गेला आहे.

तुला आठवत असेल, संत्र्याच्या आळ्यात आपण दांडानं पाणी द्यायचो. मग ठिबक आलं. कृषी खात्याचे लोक सांगायचे की पाणी बरंच कमी लागेल, आणि ते खोटं सांगत नव्हते. झाडामागे पाणी कमी लागलंच. मग ज्याची तीनशे झाडं होती त्यानं कपाशीचं वावर मोडून आणखी दोनशे लावली. वाचलेलं पाणी जमिनीत राहिलंच नाही, झाडांनी पिऊन टाकलं. इंग्लंडात जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्र्यानं 1865 साली कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलं होतं : इंजिनं कमी कोळशात चालू लागली तशी इंजिनं वाढली आणि कोळसा आणखीच जास्त खपला. 2016 मध्ये पाणी फाउंडेशनच्या पहिल्या स्पर्धेला तीन तालुके निवडले होते, त्यात आपलं वरुड होतं. लोकांनी उन्हातान्हात चर खोदले, बांध घातले. विहिरींना पाणी वाढलं तसा धीरही वाढला. नवी झाडं लागली, आणि मागोमाग बोअरच्या गाड्या पुन्हा शिवारात फिरू लागल्या.

आता कोणी आठशे फूट जातो, कोणी हजार. आधी पाणाड्या नारळ घेऊन फिरतो, मग रात्रभर गाडी धडधडते, आणि सकाळी निघते ती पांढरी भुकटी. यात मला एक गोष्ट फार बोचते. बोअर कोरडा गेला तरी डिझेल जळलं, केसिंग पाइप विकला गेला, मजुरी मिळाली, सावकाराचं व्याज सुरू झालं. देशाच्या उत्पन्नात हे सगळं जमेलाच धरलं जातं. शेजारच्याची विहीर त्यापायी आटली तर ती मात्र कुठेच वजा होत नाही. देशाच्या वाढीचे तुझे ते सात टक्के मी वाचतो तेव्हा मला हा हिशेब दिसतो.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राचा भूजल कायदा 2009 चा आहे. अधिसूचित, म्हणजे सरकारनं तसं जाहीर केलेल्या, क्षेत्रात शेतीसाठी 60 मीटरच्या खाली बोअर मारायला त्यात मनाई आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट! आमचा तालुका डार्क झोन, म्हणजे भूजलाचा बेसुमार उपसा झालेला, म्हणून गाजलेला, आणि इथं दोनशे फुटांवर कोणी थांबला असेल तर तो पैसे संपले म्हणून. कागदावर हे असं, आणि दुसऱ्या बाजूनं 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना वीज फुकट. मीही ती घेतो. एकट्यानं सोडून काही होणार नाही, आणि बिल भरायची ऐपत सगळ्यांची नाही हेही खरं. पण फुकट विजेवरची मोटर कोणी आपणहून बंद करत नाही.

बरं, ही वीज येते कुठून? चंद्रपूरचं केंद्र 2920 मेगावॅटचं. कोळसा तिथला, राखही तिथलीच, वीज मात्र राज्यभर. 2010 साली केंद्रानं कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर लावला, स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी. 2016 पर्यंत तो 400 झाला. मला तेव्हा वाटलं होतं, चला, घाण करणाऱ्याकडून पैसे घेतले तरी. 2017 ला जीएसटी आला आणि तोच पैसा राज्यांच्या बुडालेल्या करांच्या भरपाईकडे वळला. 2025 च्या सप्टेंबरात उपकर काढून कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के केला, त्याच दिवशी एसीवरचा 28 वरून 18. तू एसी नाकारतोस आणि सरकार तो स्वस्त करून देतं, कारण खप वाढला पाहिजे. यात तुझ्या निग्रहाचं वजन ते किती?

वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम पाहणारे गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पा वाहत्या संपत्तीत आणि साठ्याच्या संपत्तीत फरक करायचे. जंगल, नदी दरसाल भरून येतात. कोळसा काढला की संपला. आमच्या बापजाद्यांच्या विहिरी पहिल्या जातीच्या होत्या. हजार फुटांवरचं पाणी मला कोळशाच्याच जातीचं वाटतं.

म्हणून मला वाटतं, वापर किती वाढला यापेक्षा वरची हद्द कोणी ठरवायची हा प्रश्न मोठा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू कधी, किती तोडायचा हे तिथं ग्रामसभा ठरवते, विकतेही तीच. तिथं हद्द पाळली जाते, कारण तिच्यासोबत हक्क आला. आमच्याकडे ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी, मग ते शेजाऱ्याच्या विहिरीतून ओढलेलं का असेना.

तू म्हणशील, संत्रा बांबू नाही. खरंय, झाड ज्याचं त्याचं असतं, कर्जही ज्याचं त्याचं. आणि ग्रामसभेत ज्याचे चार बोअर तोच पुढच्या खुर्चीवर बसतो. तरी 2 ऑक्टोबरच्या सभेत मी विषय मांडणार आहे : नवा बोअर मारायचा तर आधी गावाला विचारायचं. पहिला विरोध आमचा चुलतभाऊच करील, त्यानं तसं चहा पिता पिता सांगूनही टाकलं.

तुझी तीन एकर नाल्याकाठची, ती ज्याला मक्त्यानं दिली आहेस, तोही बोअरच्या विचारात आहे. संमतीचा कागद घेऊन तो दिवाळीआधी तुझ्याकडे पुण्याला येईल. त्याचं चूक आहे असं मी म्हणत नाही, मक्ता तू दरसाल वाढवतोस आणि तो त्यानं आणायचा कुठून? पण सही करण्याआधी मला फोन कर. रात्री नऊनंतर कर, त्याआधी वावरात रेंज नसते.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
विठ्ठल